सँडी कोफॅक्स: वेग आधीपासून होता, ताबा नंतर आला



आपल्या चॅनेलवर बहुतेक वेळा दुकान, मार्जिन, उधारी आणि स्टॉक यांवरच बोलणं होतं. आज जरा वेगळ्या मैदानावर जाऊ. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये सँडी कोफॅक्स नावाचा एक डावखुरा पिचर डॉजर्स संघाकडून १९५५ ते १९६६ अशी बारा वर्षं खेळला. व्हिडिओमध्ये त्याची गोष्ट दहा मिनिटांत आटपावी लागते, म्हणून आकड्यांसकट सगळं इथे लिहितोय.

त्याच्या बारा वर्षांचे सरळ दोन भाग पडतात.

पहिली सहा वर्षं: ३६ मॅच जिंकल्या, ४० हरल्या.
पुढची सहा वर्षं: १२९ जिंकल्या, ४७ हरल्या.

माणूस तोच, हात तोच, संघही तोच. मग मधे झालं काय? "मेहनत केली आणि यश आलं" हे उत्तर सोपं आहे, पण ते इथे बसत नाही. पहिल्या सहा वर्षांत तो मेहनत करतच होता. उलट गरजेपेक्षा जास्त जोर लावत होता. आपल्यापैकी जे नवीन धंदा चालू करतायत किंवा चालू करून दोन-तीन वर्षं झालीत, त्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा म्हणून हा लेख.

आधी बेसबॉल दोन मिनिटांत

क्रिकेटमध्ये जसा बॉलर, तसा बेसबॉलमध्ये पिचर. तो पळत येत नाही आणि बॉलला टप्पाही पडत नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहून तो ६० फूट ६ इंच अंतरावर बॉल हवेतून थेट फेकतो. आपली क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची, म्हणजे अंतर जवळपास सारखंच.

बॅटरसमोर एक काल्पनिक चौकट धरलेली असते. रुंदी जमिनीत बसवलेल्या प्लेटएवढी, म्हणजे १७ इंच, आणि उंची साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंत. बॉल या चौकटीतून गेला किंवा बॅटरने बॅट फिरवून तो चुकवला, तर 'स्ट्राइक'. तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट. याला म्हणतात स्ट्राइकआउट.

बॉल चौकटीबाहेर गेला आणि बॅटरने बॅट हलवलीच नाही, तर तो पिचरच्या खात्यावर वाया गेलेला फेक. असे चार झाले की बॅटर काहीही न करता रमतगमत पहिल्या बेसवर जाऊन उभा राहतो. याचं नाव 'वॉक'. आपल्या वाइडचा मोठा भाऊ समजा. बॅटरने कमावलं काही नाही, पिचरने फुकट दिलं.

पूर्ण मॅच ९ इनिंगची. पिचर किती चांगला हे बघायला ९ इनिंगमागे त्याने सरासरी किती रन दिले ते मोजतात. सरासरी जितकी कमी तितका पिचर भारी. शिवाय मॅचची हार-जीत पिचरच्या नावावरही लिहिली जाते. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

पहिली सहा वर्षं: माल भारी, ताळेबंद तोट्यात

कोफॅक्सचा जन्म ३० डिसेंबर १९३५चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. कॉलेजात तो बास्केटबॉलसाठी जास्त ओळखला जायचा. पण डाव्या हातात असा वेग होता की बघणारे थक्क व्हायचे. डिसेंबर १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने त्याला करारात घेतलं. १४,००० डॉलर बोनस आणि ६,००० डॉलर वार्षिक पगार. तेव्हा त्याला १९ वर्षंही पूर्ण नव्हती.

इथे एक नियम आडवा आला. ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस दिलेल्या नव्या खेळाडूला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवावं लागायचं. श्रीमंत संघांनी चांगली पोरं उचलून खालच्या संघांत साठवून ठेवू नयेत, हा हेतू. पण कोफॅक्सचं त्यात नुकसान झालं. खालच्या स्तरावर रोज खेळून, चुकून शिकण्याची जी उमेदवारी असते ती त्याला मिळालीच नाही. आणि मुख्य संघ विजेतेपदासाठी लढत असताना कच्च्या पोराच्या हातात बॉल कोण देणार? १९५५ मध्ये त्याला १२ मॅच मिळाल्या, १९५६ मध्ये १६.

एक गंमत सांगतो. १९५५ मध्ये कोफॅक्ससाठी जागा करायला डॉजर्सने ज्या पिचरला खालच्या संघात पाठवलं, त्याचं नाव टॉमी लासोर्डा. हाच लासोर्डा पुढे डॉजर्सचा मॅनेजर झाला आणि वीस वर्षं राहिला.

कोफॅक्सकडे ताकद होती यात शंका नव्हती. ऑगस्ट १९५५ मध्ये मिळवलेल्या पहिल्याच विजयात त्याने १४ बॅटर स्ट्राइकआउट केले. ३१ ऑगस्ट १९५९ला एका मॅचमध्ये १८ स्ट्राइकआउट करून तेव्हाच्या विक्रमाची बरोबरी केली. पण एक दिवस असा, तर दुसऱ्या दिवशी चौकटच सापडायची नाही. १९५८ मध्ये डॉजर्स लॉस एंजेलिसला गेले. त्या वर्षी त्याने १५८ इनिंगच्या आसपास टाकल्या आणि त्यात तब्बल १०५ वॉक दिले. १९६० मध्ये १७५ इनिंगमध्ये १०० वॉक, ८ विजय आणि १३ पराभव.

त्याची तक्रार होती की मला नियमित खेळवत नाहीत. नियमित खेळल्याशिवाय ताबा येणार नाही. संघाचं म्हणणं, ताबा नाही म्हणून खेळवत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर. नवीन धंदेवाल्याला बँक आणि होलसेलवाला नेमकं हेच ऐकवतात ना? "आधी चालवून दाखव, मग माल देतो."

१९६०चा हंगाम संपला तेव्हा कोफॅक्सने आपले ग्लोव्ह आणि बूट कचऱ्यात टाकले. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका धंद्यात त्याने पैसे गुंतवले होते, तोच पूर्णवेळ करावा असा विचार चालू होता. ड्रेसिंगरूम सांभाळणाऱ्या नोब कावानो यांनी ते सामान उचलून जपून ठेवलं आणि पुढच्या हंगामात त्याला परत दिलं. आणखी एक वर्ष जीव तोडून प्रयत्न करून बघू, असं ठरवून तो सरावाला आला.

२३ मार्च १९६१

हंगामाआधीच्या सरावाचे दिवस. ऑर्लँडोमध्ये मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध दुय्यम संघांची साधी मॅच होती. डॉजर्सच्या एका पिचरचं विमान चुकलं, त्यामुळे कोफॅक्सला जास्त इनिंग टाकायला सांगितलं होतं. पहिल्याच इनिंगमध्ये त्याने वॉकवर वॉक देऊन तिन्ही बेस भरवले. चिडला आणि आणखी जोरात फेकायला लागला.

तेव्हा कॅचर नॉर्म शेरी त्याच्याजवळ चालत गेला. सांगितलं ते एवढंच: इतका जोर लावू नकोस. जरा सैल सोड, अधेमधे हळू आणि वळणारे बॉल टाक, बॅटरला बॅट लावू दे. नाहीतर या उन्हात आपण दिवसभर इथेच उभे राहू.

कोफॅक्सने ऐकलं. त्या इनिंगमधले पुढचे तिघं त्याने आउट केले आणि त्या दिवशीच्या सात इनिंगमध्ये एकालाही हिट मिळू दिली नाही. मॅचनंतर शेरीने त्याला सांगितलं की जोर न लावता टाकलेले बॉल जोर लावून टाकलेल्यांपेक्षा वेगात येत होते.

हे कसं शक्य आहे? साधं गणित बघा. एवढ्या अंतरावरून हात सुटताना एका अंशाची चूक झाली, तर प्लेटपाशी बॉल साधारण एक फूट इकडे-तिकडे जातो. प्लेट आहे १७ इंचांची. पूर्ण जीव खाऊन फेकताना अंग आखडतं, मूठ आवळते आणि बॉल दर वेळी वेगळ्या जागेवरून सुटतो. केनी मायर्स नावाच्या डॉजर्सच्या माणसाने आणखी एक गोष्ट पकडली होती. कोफॅक्स फेकण्याआधी इतका मागे वाकायचा की त्याचं डोकंच मागे जायचं आणि क्षणभर त्याला समोरचं लक्ष्य दिसायचं नाही. ते वाकणं त्याने कमी केलं.

तिसरी मदत आकड्यांची झाली. डॉजर्सकडे अ‍ॅलन रॉथ नावाचा संख्याशास्त्रज्ञ होता. त्या काळात संघाने असा माणूस पगारावर ठेवणं ही नवलाईच होती. पहिला बॉल स्ट्राइक पडला तर पुढचा खेळ कसा पिचरच्या हातात येतो आणि वेगात बदल केल्याने काय फायदा होतो, हे त्याने कोफॅक्सला वहीतून दाखवलं.

लक्षात घ्या, तिघांपैकी कोणीही "आणखी ताकद लाव" असं सांगितलं नाही. एकाने जोर कमी करायला सांगितलं, दुसऱ्याने नजर लक्ष्यावर ठेवायला, तिसऱ्याने हिशेब बघायला. १९६१ मध्ये कोफॅक्सने १८ मॅच जिंकल्या आणि २६९ स्ट्राइकआउट केले. नॅशनल लीगचा १९०३ पासूनचा विक्रम मोडला.

दोन वर्षांचा ताळेबंद शेजारी ठेवून बघा

माझ्या मते या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. १९६० हे त्याचं पडतं वर्ष आणि १९६५ हे चढतं वर्ष. दर ९ इनिंगमागे हिशेब असा येतो:

- स्ट्राइकआउट: १९६० मध्ये १०.१, १९६५ मध्ये १०.२
- वॉक: १९६० मध्ये ५.१, १९६५ मध्ये १.९
- दिलेले रन: १९६० मध्ये ३.९१, १९६५ मध्ये २.०४
- हार-जीत: १९६० मध्ये ८ विजय १३ पराभव, १९६५ मध्ये २६ विजय ८ पराभव

पहिली ओळ पुन्हा वाचा. बॅटरला गार करण्याची ताकद दोन्ही वर्षांत सारखीच. ज्या वर्षी त्याने बूट कचऱ्यात टाकले, त्या वर्षीही ती होती. बदलली ती दुसरी ओळ. फुकट वाटणं थांबलं.

आता हे आपल्या भाषेत. स्ट्राइकआउट म्हणजे तुमची विक्री, तुमचं कौशल्य, तुमच्या हाताची चव. वॉक म्हणजे जे ग्राहकाने मागितलंही नाही आणि कमावलंही नाही, पण तुमच्या ढिलाईमुळे त्याला किंवा वाऱ्याला गेलं. वजनात जास्त गेलेला माल. वहीत न लिहिलेली उधारी. उशिरा पोचल्यामुळे परत आलेली ऑर्डर. एक्सपायरी होऊन टाकलेली पाकिटं. रेट सांगताना विसरलेलं गाडीभाडं. बॅचमध्ये मी विचारतो, "धंदा वाढवायला काय करणार?" तर दहापैकी नऊ जण जाहिरात, नवीन माल, मोठी जागा असं सांगतात. म्हणजे आणखी जोरात फेकणार. महिन्याला वॉक किती जातात, हा आकडा फारच कमी जणांकडे असतो.

वारंही पाठीशी होतं

एकट्या सल्ल्याने सगळं झालं असं मी सांगणार नाही, कारण ते खरं नाही. १९६२ मध्ये डॉजर्स नव्या डॉजर स्टेडियममध्ये गेले. हे मैदान पिचरला साथ देणारं. तिथे कोफॅक्सची सरासरी १.३७ इतकी कमी राहिली. शिवाय १९६३ पासून नियम बदलून स्ट्राइकची चौकट वरच्या बाजूला मोठी केली गेली. यामुळे सगळ्याच पिचर लोकांना फायदा झाला.

पण नवं मैदान आणि नवी चौकट सगळ्यांनाच मिळाली. १९६२ ते १९६६ अशी सलग पाच वर्षं लीगमधली सगळ्यात कमी सरासरी मात्र एकट्या कोफॅक्सची. बाजार चांगला असला की सगळ्यांची विक्री वाढते. ज्याचं घर आधीच आवरलेलं असतं, त्याला त्या बाजारातून जास्त मिळतं.

शिखरावरची वर्षं

१९६३: २५ विजय, ५ पराभव, ३०६ स्ट्राइकआउट. वर्ल्ड सीरिजमध्ये समोर बलाढ्य न्यूयॉर्क यांकीज. पहिल्याच मॅचमध्ये १५ स्ट्राइकआउट, आणि डॉजर्सने सीरिज ४-० ने घेतली.

१९६२ ते १९६५ या चारही वर्षांत त्याने दरवर्षी एक 'नो-हिटर' टाकली, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्या संघाला एकही हिट नाही. चौथी तर त्याहून पुढची. ९ सप्टेंबर १९६५, शिकागो कब्जविरुद्ध. २७ बॅटर आले आणि २७ आउट. कोणीही बेसवर पोचला नाही, वॉकसुद्धा नाही. सहा वर्षांपूर्वी ज्याला चौकट सापडत नव्हती, त्या माणसाची ही मॅच.

त्या मॅचचा स्कोअर माहितीये? १-०. आणि डॉजर्सचा तो एक रनही हिटशिवाय आलेला: एक वॉक, एक बंट, एक चोरलेला बेस आणि समोरच्या कॅचरचा चुकलेला थ्रो. समोरचा पिचर बॉब हेंडलीने पूर्ण मॅचमध्ये एकच हिट दिली आणि एकच वॉक दिला. त्या एका वॉकवर तो हरला. आपल्यासारख्या कमी मार्जिनच्या धंद्यात हे अगदी असंच असतं.

आणखी एक. कोफॅक्सकडे मुख्य माल दोनच: वेगाचा बॉल आणि वरून खाली पडणारा कर्व्ह. त्याची हात धरण्याची पद्धत बघून पुढचा बॉल कोणता येणार हे बऱ्याच बॅटरना आधीच कळायचं. तरीही मारता यायचं नाही. स्पर्धकाला तुमची रेसिपी कळली तर काय, या भीतीने झोप न लागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१९६५च्या वर्ल्ड सीरिजची पहिली मॅच ६ ऑक्टोबरला होती. तो दिवस यॉम किप्पूरचा, ज्यू धर्मातला सगळ्यात पवित्र दिवस. कोफॅक्स ज्यू. त्याने त्या दिवशी खेळायला नकार दिला. त्याच्या जागी डॉन ड्रायस्डेल उतरला आणि डॉजर्स ८-२ ने हरले. दुसऱ्या दिवशी खेळून कोफॅक्सही हरला. पण पाचवी मॅच त्याने एकही रन न देता जिंकली आणि मग फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर सातवी, निर्णायक मॅचही २-० ने जिंकून दिली. त्या दिवशी त्याचा कर्व्ह बसतच नव्हता. बहुतेक मॅच त्याने एकट्या वेगाच्या बॉलवर काढली.

रेटवरचा ताबा

मैदानावर राजा असला तरी पगाराच्या टेबलावर तो एकटा होता. त्या काळी करारातल्या कलमामुळे खेळाडू एकाच संघाला बांधलेला असायचा. दुसरीकडे जाण्याची सोय नाही, म्हणजे घासाघीस करायला हातात काहीच नाही.

१९६५ मध्ये कोफॅक्सचा पगार ८५,००० डॉलर, ड्रायस्डेलचा ८०,०००. पुढच्या वर्षाची बोलणी चालू झाली तेव्हा दोघं आपापसांत बोलले आणि लक्षात आलं की जनरल मॅनेजर बझी बवासी एकाला दुसऱ्याचा रेट दाखवून खाली ओढतोय. "तो एवढ्यात तयार आहे, तूच का जास्त मागतोस?" घाऊक बाजारात माल विकणाऱ्यांना हे वाक्य नवीन नाही.

मग दोघांनी ठरवलं की करार करायचा तर दोघांनी एकत्र. मागणी ठेवली तीन वर्षांसाठी दोघांत मिळून दहा लाख डॉलर. बोलणी करायला वकील पुढे केला. सरावाला गेले नाहीत. चित्रपटात काम करण्याचा करारही करून ठेवला, म्हणजे बसून राहिलो तरी चूल बंद पडणार नाही. जवळपास ३२ दिवस हे ताणलं गेलं. शेवटी कोफॅक्सला १,२५,००० आणि ड्रायस्डेलला १,१०,००० डॉलर मिळाले.

मागितलं त्यापेक्षा कमी मिळालं, पण आदल्या वर्षापेक्षा बरंच जास्त. आणि ज्या गोष्टींमुळे मिळालं त्या तीन: एकमेकांचे रेट एकमेकांना माहीत होते, "नाही" म्हणून तग धरण्याची सोय होती, आणि माल असा होता की त्यावाचून समोरच्याचं अडत होतं. यातली एखादी जरी नसती, तरी समोरच्याने त्यांना महिनाभर थांबू दिलं असतं आणि मग हवं तेच दिलं असतं.

हाताचं बिल

आता गोष्टीची दुसरी बाजू. यश मोठं, पण सगळा डोलारा एका डाव्या कोपरावर.

१९६२ मध्ये तळहातातल्या रक्तवाहिनीला इजा होऊन त्याचं बोट बधिर झालं. हंगामाच्या मध्यावर तो बाहेर गेला आणि डॉजर्सचं हातातोंडाशी आलेलं विजेतेपद गेलं. ऑगस्ट १९६४ मध्ये बेसवर परत झेप घेताना हात आपटला. काही दिवसांनी कोपर असं सुजलं की हात सरळ होईना. निदान झालं संधिवाताचं. वय २८.

डॉक्टर रॉबर्ट केर्लन यांच्या देखरेखीखाली तो पुढची दोन वर्षं खेळला ती अशी: वेदनेच्या गोळ्या, कोपरात कॉर्टिसोनची इंजेक्शनं, मॅचआधी अंगाला आग होईल असा मलम, मॅचनंतर बर्फाच्या पाण्यात कोपर. आठवड्यातून एकदाच खेळवायचं असा विचार झाला होता, तो टिकला नाही. १९६५ मध्ये त्याने ३३५ इनिंग टाकल्या, १९६६ मध्ये ३२३. दोन्ही वर्षी २७-२७ मॅच एकट्याने शेवटपर्यंत. ३८२ स्ट्राइकआउटचा १९६५चा विक्रमही याच कोपराचा, आणि परफेक्ट मॅचही.

दोन मॅचमधल्या दिवसांतला सराव त्याने बंद केला, म्हणजे हाताचं जेवढं भांडवल उरलंय ते मॅचसाठीच राहावं. पण भांडवल संपतच होतं.

१९६६ हे आकड्यांनी त्याचं सगळ्यात मोठं वर्ष ठरलं: २७ विजय, सरासरी १.७३. वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार तिसऱ्यांदा मिळाला, तिन्ही वेळा एकमताने, आणि तेव्हा दोन्ही लीग मिळून एकच पुरस्कार असायचा. १८ नोव्हेंबर १९६६ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. कारण स्पष्ट सांगितलं: बेसबॉलनंतर बरीच वर्षं जगायचंय आणि ती धड शरीराने जगायचीत.

बेसबॉलमधल्या सगळ्यात जास्त कमाई करणाऱ्यांपैकी एक माणूस, आतापर्यंतच्या सर्वोत्तम हंगामानंतर, दुकानाचं शटर स्वतःच्या हाताने खाली ओढतो. लोकांना धक्का बसला. पण विचार करा, बॉलवर ताबा आणायला त्याला सहा वर्षं लागली होती. कोपरावर ताबा आणणं त्याच्या हातात नव्हतं, पण कधी थांबायचं हे होतं. तेवढं त्याने दुसऱ्यावर सोडलं नाही.

त्यानंतर काही वर्षं टीव्हीवर समालोचन, पुढे डॉजर्सच्या खालच्या संघांतल्या तरुण पिचरना शिकवणं. १९७२ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. तेव्हा त्याचं वय ३६, आणि निवडून जाणाऱ्यांत तो सगळ्यात तरुण. एकूण विजय फक्त १६५. त्याच्या दुप्पट विजय मिळवलेले पिचर त्या इतिहासात आहेत. तरीही सर्वोत्तम डावखुरा कोण, हा वाद निघाला की त्याचं नाव पहिल्या दोन-तीनांत येतंच.

आता वही काढा

नेहमीप्रमाणे थोडा गृहपाठ. चारच गोष्टी.

१. पुढचे तीस दिवस रोज रात्री गल्ला मोजताना एक ओळ जास्त लिहा: आज फुकट काय गेलं? सूट, सांडलवंड, परत आलेला माल, लिहायची राहिलेली उधारी. महिनाअखेर बेरीज करा. हे तुमचे वॉक. जाहिरातीवर रुपया घालण्याआधी हा आकडा निम्म्यावर आणा.

२. एक काम असं शोधा जिथे तुम्ही नुसता जोर लावताय. एकाच वेळी पन्नास प्रकारचा माल ठेवणं, प्रत्येक ऑर्डरला हो म्हणणं, सकाळी सात ते रात्री अकरा उघडं ठेवणं. एक महिना थोडं सैल सोडून बघा आणि आकड्यांत काय फरक पडतो ते लिहा. वाटण्यावर जाऊ नका, वहीवर जा.

३. तुमच्याच लाइनमधल्या दोन जणांशी मोकळेपणाने रेट बोला. स्पर्धक असला तरी. होलसेलवाला किंवा मोठा ग्राहक तुम्हाला एकमेकांविरुद्ध खेळवतोय का ते एका चहात कळेल. आणि त्याला "नाही" म्हटलं तर तुम्ही किती दिवस तग धरू शकता, तेही मोजून ठेवा.

४. हा सगळ्यात अवघड. तुमचा हात बसला तर काय? टेलरचा डोळा, आचाऱ्याचा खांदा, दुकानदाराचे गुडघे, सगळ्यांचं बिल येतं. तुमच्याशिवाय धंदा किती दिवस चालेल? उत्तर "एकही नाही" असेल, तर एक माणूस तयार करायला आजपासून लागा. कोफॅक्सचा कोपर दुसऱ्याला देता येत नव्हता. तुमच्या कामातलं बरंच काही शिकवता येतं.

ज्यांच्याकडे कौशल्य आहे, माल चांगला आहे, लोक कौतुकही करतात, आणि तरीही महिनाअखेर हातात काही उरत नाही, त्यांनी बूट कचऱ्यात टाकण्याआधी ती दुसरी ओळ एकदा तपासा. बहुतेक वेळा कमी पडतेय ती ताकद नसतेच.

चला, गृहपाठ करून कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत.